वन्संची टाकी आणि माझा लिंकर

माझी नणंद लेकीच्या डोहाळेजेवणाला येणार की नाही, ही गोष्ट एका उन्हाळ्यात माझ्या कॉम्प्युटरवर येऊन अडकली होती. हसू नका. पाहुणी यायची ती गाडीमुळं अडते, पावसामुळं अडते, रुसव्यामुळं अडते. आमची अडली होती लिंकर नावाच्या एका प्रोग्राममुळं. कसं ते सांगते.

नणंद माझ्याहून लहान, पण मी तिला वन्संच म्हणते. रेणापूरच्या पलीकडं त्यांचं गाव. गावातलं सगळं दूध सकाळ-संध्याकाळ त्यांच्या अंगणात येतं आणि स्टीलच्या मोठ्या टाकीत जातं. टाकी ते थंड ठेवते, मग दुधाची गाडी येऊन घेऊन जाते. ऐकायला सोपं आहे. पण आमच्याकडची लाईट तुम्हाला माहीत आहे. ती गेली की जनरेटर लावावं लागतं, नाही लावलं तर उन्हाळ्यात दूध नासायला वेळ लागत नाही. नंदवई, म्हणजे वन्संचे मालक, ट्रकवर, कधी हैदराबाद तर कधी त्याच्याही पुढं. म्हणजे टाकीचा सगळा जिम्मा वन्संवर. एकदा त्या देगलूरला एका लग्नाला गेल्या, मागं लाईट गेली, आणि गावाचं दूध नासलं. गावानं तोंडातून अवाक्षर काढलं नाही. कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं. त्या गप्प राहण्यानंच वन्सं अशा धसकल्या की त्यानंतर त्यांनी गाव सोडलं नाही. लग्न नाही, बारसं नाही. आम्ही बोलावलं की म्हणायच्या, "टाकीला इच्यारते."

आता माझं सांगते. मी नांदेडला एका छापखान्यात लग्नपत्रिका लावायची. कॉम्प्युटर आला तेव्हा मालकानं तो झाकून ठेवला होता, मीच कव्हर काढून शिकले. कुणी शिकवलं नाही, कुणी अडवलंही नाही. पुढं काम सुटलं, पण हाताला सवय लागलेली. आमच्या गल्लीतल्या बायकांनी त्या वयात भजनीमंडळ धरलं, मी प्रोग्रामिंग धरलं. मोबाईलवर व्हिडिओ लावायचा, थांबवायचा, मागं घ्यायचा, कळलं नाही तर परत मागं घ्यायचा. आमचे हे एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले. ते म्हणायचे, "त्या व्हिडिओतल्या पोराला श्वास तरी घेऊ दे."

तर वन्संसाठी मी एक यंत्र करून दिलं होतं. तळहाताएवढा कॉम्प्युटर मिळतो, तो टाकीजवळ भिंतीला लावला. त्याची एक वायर टाकीत, तिच्या टोकाला तापमान कळतं. दूध तापायला लागलं की वन्संच्या मोबाईलवर, त्यांच्या शेजारणीच्या मोबाईलवर आणि माझ्याही मोबाईलवर संदेश. जनरेटरच्या खोलीची एक किल्ली शेजारणीकडं. तिला स्वतःचं शेत, स्वतःची म्हैस, ती काही दिवसभर टाकीपाशी बसू शकत नाही; पण फोन वाजला की येईन, असं तिनं कबूल केलेलं. त्या यंत्राच्या भरवशावर वन्सं आधी रेणापूरच्या बाजाराला जायला लागल्या, मग लातूरला डोळे दाखवून आल्या. मला तर वाटलं, आता पुढच्या खेपेला नांदेड.

आणि नेमकं तेव्हाच ते बंद पडलं. यंत्र बिघडलं नव्हतं. झालं असं की आपला संदेश पुढं पोचवणारी जी सेवा असते, तिनं कळवलं की इथून पुढं उघडं बोलणं घेणार नाही. कुलूप लावून पाठवा, तरच घेऊ. बरोबरच आहे त्यांचं, हल्ली कोण कुठं कान लावून बसेल सांगता येत नाही. पण माझ्या प्रोग्रामला कुलूप लावता येत नव्हतं.

वन्संचा फोन आला.

"वहिनी, म्यासेज कामून येईना गेलाय?"

"त्यांनी बंद केलाय. कुलूप लावून पाठवा म्हणायलेत."

"मग लावा की. कुलूप लावायला असा कितीक येळ लागतंय?"

मी म्हटलं, लावते. इतक्या सहज म्हटलं, की आता आठवलं तरी हसू येतं.

तेव्हाच भाचीच्या डोहाळेजेवणाचा दिवस ठरला. भाची म्हणजे वन्संची एकुलती लेक, नांदेडलाच दिलेली, इथल्याच कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. पहिलटकरीण, खरं तर माहेरी जायची. पण डॉक्टरनं प्रवास नको म्हणून सांगितलेलं. म्हणून माहेर ते आमचं घर, मामा-मामीचं. वन्संनी मला स्पष्ट सांगितलं, "तुमचं मशीन बोलायलं तर मी येते. न्हाई बोललं तर ओटीचं सामान कुणाजवळ तरी पाठवून देते. माझी वाट बघत बसू नका."

हे भाचीच्या कानावर गेलं तर ती म्हणाली, "आई नसंल तर मला काहीच करू नका मामी. ते फुलांचे दागिने बी नको अन् झोपाळा बी नको. गल्लीतल्या बायकांनी ओटी भरायची अन् आई तिकडं टाकीला धरून बसायची, मला न्हाई जमायचं ते."

म्हणजे दोघी मायलेकींचं माझ्यावर येऊन थांबलं.

कुलूप लावण्याचं काम आपण स्वतः लिहायचं नसतं. जाणत्या लोकांनी ते लिहून ठेवलेलं असतं, त्याला लायब्ररी म्हणतात. आपल्या प्रोग्राममधून नुसती हाक मारायची, अमुक कर, तमुक कर. मी हाका लिहिल्या. प्रोग्राम बांधायला घेतला. बांधणीचे दोन टप्पे असतात. पहिल्यात आपलं लिहिलेलं नीट आहे का बघतात. ते पार पडलं. दुसऱ्यात लिंकर येतो. छापखान्यात बाइंडर असायचा ना, तसा हा. सगळे सुटे फर्मे, म्हणजे छापलेल्या पानांचे गठ्ठे, गोळा करायचे आणि एका पुस्तकात शिवायचे. एका पानावर लिहिलेलं असलं, की अमुक माहिती पुढच्या भागात बघा, तर तो भाग खरोखर आहे का, हे हा बघतो. नसला तर शिवणच करत नाही.

माझा लिंकर आधी म्हणाला, ही लायब्ररीच सापडत नाही. ते सोपं निघालं. लायब्ररीचा वापरायचा भाग मशीनवर होता, बांधायचा भाग वेगळा घ्यावा लागतो, तो घेतला. मग म्हणाला, ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’. म्हणजे तू ज्याला हाक मारलीस, तो मला कुठं भेटला नाही. एक ओळ नाही, दोन ओळी नाहीत, पडदा भरून वाहायला लागला. जणू लग्नात शंभर नावं पुकारली आणि एकही जण उठला नाही.

त्यात आणखी एक गोष्ट होती. वन्संकडचा कॉम्प्युटर जुना, तिथं नवीन काही बसवण्याची सोय नाही. म्हणून सगळी लायब्ररी माझ्याच फाईलच्या पोटात शिवून न्यायची होती, शिदोरीसारखी. घरात तसलाच दुसरा कॉम्प्युटर होता, त्याच्यावर मी बांधत होते.

भाची कॉलेज सुटलं की यायची. कुलरसमोर खुर्ची घ्यायची, पाय पाटावर ठेवायचे, हातात कैरीच्या फोडी अन् तिखट-मीठ. तिनं तपासलं, हाका बरोबर आहेत. लायब्ररी जागेवर आहे. तिला वाटलं, लायब्ररी नवी अन् प्रोग्राम जुन्या पद्धतीचा असं झालं असेल. म्हणून आम्ही लायब्ररी काढून दुसरी आणली. तेच. लायब्ररीच पहिल्यापासून बांधून बघितली, दुपारभर ते मशीन भट्टीसारखं तापलं. तेच.

आमचे हे पेपर वाचता वाचता म्हणाले, "एवढ्यात मी गाडीचं इंजिन उतरवून परत बसवलं असतं."

"तुमच्या इंजिनात नट दिसतो तरी. इथं नट कुठाय तेच सांगत नाही."

"मग हातोडी मारून बघ."

भाची म्हणाली, "मामा, तुम्ही गप बसा बरं. हसून हसून माझ्या पोटातलं बाळ फिरायलंय."

मधेच वन्संचा फोन यायचा. जेवलाव का, पोरीचे पाय सुजलेत का, सगळं विचारून झाल्यावर शेवटी हळूच, "लागलं का ओ कुलूप?" मी म्हणायची, लागतंय, लागतंय. फोन ठेवला की भाची माझ्याकडं बघायची नाही, मी तिच्याकडं बघायची नाही.

एका संध्याकाळी मी म्हटलं, आपला सगळा प्रोग्राम बाजूला ठेवू. नुसती एक हाक मारणारा इवलासा प्रोग्राम करू. लायब्ररीला एवढंच विचारायचं, बाई, तुझी आवृत्ती कोणती? केला. बांधला. तरी तेच रडगाणं! म्हणजे खोट माझ्या मोठ्या प्रोग्राममध्ये नव्हती, हे तरी कळलं. मी भाचीला आमसुलाचं सरबत करून द्यायला उठले. परत येऊन बसले तोवर आधी काय लिहिलं होतं ते डोक्यातून गेलं. बांधायची जुनीच आज्ञा वर आणली आणि तिच्या शेवटी लायब्ररीचं नाव लिहून दिलं.

बांधलं गेलं. चालवलं, तर आवृत्ती छापून आली.

"मामी, काय बदललं तुम्ही?"

"काहीच न्हाई ग. लायब्ररीचं नाव तेवढं लिहिलं."

"ते तर पहिल्यापासून हाय की. हे बघा, सुरुवातीला."

खरंच होतं. सुरुवातीला होतं आणि आता शेवटीही होतं. सुरुवातीचं काढलं, तरी चाललं. शेवटचं काढून सुरुवातीचं ठेवलं, तर परत रडणं. म्हणजे नाव तेच, जागा वेगळी. भाचीनं मग माहितीचं पान उघडलं, मोठ्यानं वाचलं, मला समजावलं, मी माझ्या पद्धतीनं समजून घेतलं. तुम्हालाही तसंच सांगते.

लिंकर म्हणजे पंगतीतला वाढपी. तो डावीकडून निघतो आणि एकदाच जातो, मागं वळत नाही. आधी प्रोग्राम भेटला, तर तो त्याची मागणी लक्षात ठेवतो: याला हे हवं, त्याला ते हवं. पुढं लायब्ररी भेटली की तिच्यातून मागणीपुरतं उचलतो. पण लायब्ररीच आधी भेटली तर? तोवर कुणी काही मागितलेलंच नाही. तो म्हणतो, कुणाला काही नको दिसतंय, आणि रिकाम्या हातानं पुढं जातो. मग प्रोग्राम भेटतो, तो मागतो, पण आता भांडं मागं राहिलेलं.

आणि मी ते नाव सुरुवातीला का लिहिलं होतं? अहो, आयुष्यभर लग्नपत्रिका लावल्या मी. सगळ्यात वर कुलदैवत. मग आजोबा-आजी, मग आई-वडील, चुलते, मामा. कितीही दाटी झाली तरी थोरल्या चुलत्याच्या वर धाकटा जाऊ द्यायचा नाही. गेला, की गठ्ठा परत आलाच, आणि काउंटरवर आपटून सांगणार, ‘आमच्या घरात फूट पाडता का?’ आणि सगळ्यात खाली, बारक्या अक्षरात, लेकरांची ओळ, ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’. तर माझ्या हातानं आपोआप काय केलं? कुलपाच्या लायब्ररी खरं तर दोन. क्रिप्टो नावाची लायब्ररी सगळ्यांचा पाया, ती आजोबा, म्हणून वर. तिच्या आधारानं उभी असलेली एसएसएल, ती वडील, म्हणून दुसरी. आणि माझा बारका प्रोग्राम खाली, लेकरांच्या ओळीत. दिसायला इतकं रीतसर, की भाचीचीही नजर त्याच्यावरून रोज घसरली. तीही त्याच पत्रिका बघत वाढलेली.

"म्हणजे मामी," ती म्हणाली, "पत्रिका उलटी छापायची. लेकरं वर, आजोबा खाली."

"असं कार्ड छापलं असतंस," हे म्हणाले, "तर लोकांनी छापखाना पेटवला असता."

मोठा प्रोग्राम घेतला. लेकरू वर आणलं. पण बघा, हाताची सवय कशी जात नाही. मागं लिहिताना परत क्रिप्टो आधी, एसएसएल नंतर. ओळी पुष्कळ कमी झाल्या, पण संपल्या नाहीत. आता हाका माझ्या प्रोग्रामच्या नव्हत्या, एसएसएलच्या होत्या. तिलाही क्रिप्टोकडून मागायचं असतं, आणि वाढपी क्रिप्टोला ओलांडून आलेला. भाचीनं दोन नावांची अदलाबदल केली. अगदी मागं किरकोळ एक-दोन लायब्ररींची नावं टाकायची राहिली होती, ती टाकली. मग पडदा गप्प झाला. लिंकर खूश झाला तर काही बोलत नाही. नुसता खाली उतरतो आणि पुढची आज्ञा मागतो.

भाचीनं पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "आई येतीय."

पण आई अशी कशी येईल? प्रोग्राम मेमरी कार्डावर घेतला, कार्ड चष्म्याच्या डबीत घातलं आणि मी अन् आमचे हे एसटीनं लातूर, तिथून रेणापूर, पुढं टमटम. गेल्या गेल्या कार्ड बसवलं. वन्संनी चहा पुढं केला. म्हटलं, हाच घेऊ परीक्षेला. टाकीतली वायर काढली, पुसली आणि तिचं टोक गरम चहात बुडवलं. आधी माझा मोबाईल वाजला, मग वन्संचा. पाठोपाठ शेजारीण धावत आली, एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात कडबा तसाच.

"काय झालं ओ आक्का? लाईट तर हाय!"

वन्सं म्हणाल्या, "काई न्हाई बाई. चहा तापलाय."

शेजारीण त्या चहाकडं, त्या वायरकडं, माझ्याकडं बघत राहिली. "नांदेडच्या लोकायचं काय सांगावं," म्हणाली आणि कडबा घेऊन गेली. पण वन्सं तिच्या पाठीकडं कितीतरी वेळ बघत होत्या. आली होती ना ती. चहासाठी का होईना, धावत आली होती.

"येते मी," वन्सं मला म्हणाल्या. टाकीला विचारलं नाही.

डोहाळेजेवणाला आमच्या पडवीत झोपाळा बांधला. हिरवी साडी, मोगऱ्याचे बाजूबंद, भाची अशी दिसत होती की मीच बोटं मोडून दृष्ट काढली. वन्संनी ओटी भरली. लेकीच्या पदरात नारळ ठेवला. बायकांनी वाटी-झाकणीचा खेळ मांडला, पेढा निघतो की बर्फी, आणि तेवढ्यात मोबाईल वाजले. माझा कंबरेला, वन्संचा पिशवीत.

त्यांचा चेहरा बघायला नको. पडवीत एवढ्या बायका, पण त्यांना कुणी दिसत नव्हतं. पायानं चपला शोधायला लागल्या. नांदेडहून गावी पोचायला अर्धा दिवस, चपला घालून काय होणार होतं? पण पाय ऐकत नाहीत. झोपाळ्यावरूनच लेकीनं आईच्या पदराचं टोक मुठीत धरलं.

मग फोन आला. शेजारीण. वन्संना कानाला लावायचंही सुचेना, मी स्पीकर सुरू केला.

"आक्का, लाईट गेली, जनरेटर लावलंय बगा. ऐकू येतंय का आवाज?" मागं खरंच ते धडधडत होतं. "तुमी बसा निवांत. जेवलाव का न्हाई अजून? लेकीला काय निघालं, पेढा का बर्फी?"

वन्सं खाली बसल्या. "उघडायचंच हाय अजून," म्हणाल्या. मग डोळे पुसले आणि वाटी स्वतःच उघडली. पेढा निघाला की बर्फी, ते कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

त्या दिवशी त्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पडवीत मोबाईल हातात घेऊन बसलेल्या, पिशवी भरून ठेवलेली.

"जाते मी वहिनी. कालपासून म्यासेजच न्हाई. बंद पडलं वाटतं."

"अहो वन्सं, टाकी तापली तरच ते बोलतं. गप आहे म्हणजे सगळं बरं आहे."

"गप हाय मंजे बरं हाय का मेलंय, हे मला इथून कसं कळावं?"

गप्प बसलेल्या माणसांनी एकदा त्यांना केवढा घोर लावला होता, ते मला ठाऊक होतं. म्हटलं, पिशवी खाली ठेवा, दुपारपर्यंत थांबा. भाचीला बोलावून घेतलं. प्रोग्राममध्ये एवढंच घातलं, की रोज सकाळी काही झालेलं नसलं तरी एक संदेश करायचा. परत बांधणी केली. लेकरू वर, मग एसएसएल, मग क्रिप्टो. लिंकर एका दमात उतरला, हूं का चूं केलं नाही. नवी फाईल इथूनच त्या यंत्रावर चढवायची सोय भाचीनं त्या कार्डातच करून ठेवलेली होती, ती कामाला आली.

वन्सं राहिल्या. आज जाते, उद्या जाते करत चांगल्या राहिल्या. रोज सकाळी पडवीत बसून वाट बघायच्या, मोबाईल वाजला की ओळीवरून बोट फिरवत वाचायच्या, ‘टाकी थंड हाय.’ त्यांच्याच बोलीत लिहिला होता मी तो संदेश. आणि वाचून झालं की बोटानं एकेक अक्षर शोधून त्याला उत्तर पाठवायच्या, ‘बरं.’

मी म्हटलं, "वन्सं, ते यंत्र आहे. ते वाचत न्हाई."

"न वाचू दे," त्या म्हणाल्या. "कुणी सकाळी सकाळी खुशाली कळवायलंय, तर आपण तोंड मिटून बसावं का?"